विसरलेला पासवर्ड आणि कपाटातलं पाकीट

रात्री जेवणं उरकल्यावर सांगलीहून काकूंचा फोन आला. काका जाऊन दीड महिना झाला होता. "अरे, ह्यांच्या कॉम्प्युटरवर विम्याची पावती आहे, सात-बारा स्कॅन करून ठेवलाय, आणि नातीच्या बारशाचे सगळे फोटो आहेत. पण तो पासवर्ड मागतोय. ह्यांनी कुणालाच सांगितला नव्हता रे."

त्या कॉम्प्युटरवर उबुंटू मीच बसवून दिलं होतं. पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे ते काकूंनाही सांगा, एवढं एक वाक्य बोलायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं. मी पुण्यात आणि काकू सांगलीत. मग फोन स्पीकरवर ठेवून मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि काकू ते टाइप करत गेल्या. पाऊण तासात काकांचा डेस्कटॉप उघडला. बारशाचा फोटो दिसला तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर माझ्या मनात दुसराच विचार सुरू झाला. कधीही कमांड न टाइप केलेल्या काकूंना फोनवर ऐकून जे जमलं, ते घरात शिरलेल्या चोराला किंवा दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसालाही जमेल. म्हणून या कृतीचे दोन भाग केले आहेत: पासवर्ड विसरला तर आत कसं जायचं, आणि दुसऱ्या कुणाला तसंच आत येता येऊ नये म्हणून काय करायचं. दोन्ही भाग वाचावेत, ही विनंती. आणि ही कृती स्वतःच्या किंवा घरच्यांनी सांगितलेल्या कॉम्प्युटरवरच वापरायची.

आधी हे तपासा

पासवर्ड खरंच विसरला आहे का, याची आधी खात्री करा. कॅप्स लॉक सुरू नाही ना, ते पाहा. पासवर्डात आकडे असतील आणि ते उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरून टाइप होत असतील, तर नम लॉकही पाहा. मराठीतून टाइप करणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पासवर्डाच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती इंग्रजीवर आणा. चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून टाइप केलेलं वाचून पाहा.

पासवर्ड चुकला की तसा संदेश येतो. तो न येता पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिनच समोर आलं, तर पासवर्ड बरोबर आहे आणि दुखणं वेगळं आहे. अनेकदा डिस्क पूर्ण भरलेली असते. तिथे पासवर्ड बदलून काहीच साधणार नाही.

साहित्य

- उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन असलेला कॉम्प्युटर
- कीबोर्ड, शक्यतो तारेचा. ब्लूटूथ कीबोर्ड सुरुवातीच्या पडद्यावर चालत नाही
- कागद-पेन
- तिसऱ्या वाटेसाठी उबुंटूचा पेन ड्राइव्ह
- अर्धा-पाऊण तास, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर जोडलेला

कमांड मी काकूंना सांगितल्या तशाच, अक्षर-अक्षर करून दिल्या आहेत. सगळी अक्षरं छोट्या इंग्रजी लिपीतली. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं म्हटलं आहे. अक्षरांमधल्या जोडरेघा टाइप करायच्या नाहीत. "स्पेस" म्हटलं असेल तिथेच जागा सोडायची. "वजा" म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ, "तिरकी रेघ" म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. ओळ पूर्ण झाली की एंटर.

पहिली वाट: रिकव्हरी मोड

उबुंटू आणि मिंटवर बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होतं.

१. कॉम्प्युटर बंद करून सुरू करा. कंपनीचं चिन्ह येऊन गेलं की लगेच एस्केपचं बटण एकदा दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरावं लागतं. यातून ग्रबचा मेनू येतो. ग्रब म्हणजे लिनक्सला जागं करणारा प्रोग्राम. एरवी तो दिसत नाही. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी काळ्या पडद्यावर नुसतं "ग्रब" असं येतं. काकूंचं पहिल्यांदा तसंच झालं. घाबरू नका, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून पुन्हा सुरुवात करा.

२. मेनूतली दुसरी ओळ "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स". खालच्या बाणाने तिच्यावर जाऊन एंटर.

३. आता कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आवृत्त्यांची यादी दिसेल. जिच्या शेवटी "रिकव्हरी मोड" लिहिलं आहे अशी सर्वात वरची ओळ निवडा. पडद्यावरून भराभर मजकूर सरकतो आणि मग एक छोटा मेनू येतो.

४. त्यात "रूट" ही ओळ निवडून एंटर, मग पुन्हा एकदा एंटर. ओळीच्या शेवटी # ही खूण दिसली की तुम्ही रूट झालात. रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी, त्याला कुणी अडवत नाही. इथून पुढे सांगितलंय तेवढंच टाइप करायचं.

५. या अवस्थेत डिस्क नुसती वाचता येत असेल, लिहिता येत नसेल. म्हणून ही कमांड:

एम-ओ-यू-एन-टी स्पेस वजा-ओ स्पेस आर-ई-एम-ओ-यू-एन-टी स्वल्पविराम आर-डब्ल्यू स्पेस तिरकी रेघ

काहीच उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं.

६. लॉगिनचं नेमकं नाव आठवत नसेल तर:

एल-एस स्पेस तिरकी रेघ एच-ओ-एम-ई

घरातल्या प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचं एक फोल्डर असतं, त्यांची नावं पडद्यावर येतील. हवं ते कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या.

७. आता मुख्य कमांड. या शब्दात ओ आणि आर नाहीत, तिथे हमखास चूक होते:

पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी स्पेस आणि पुढे ते नाव

नवा पासवर्ड मागितला जाईल. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. काकू म्हणाल्या, "अरे, बटणं चालतच नाहीयेत." चालत असतात; शेजारून कुणाला पासवर्डाची लांबी कळू नये म्हणून तसं ठेवलं आहे. एंटर दाबून तोच पासवर्ड पुन्हा द्या. शेवटी पासवर्ड बदलल्याचा संदेश येतो.

"ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर" असा संदेश आला तर बहुधा पाचवी पायरी चुकलेली असते, म्हणजे डिस्कवर लिहिता येत नसतं. ती पुन्हा करा.

८. शेवटी एस-वाय-एन-सी आणि एंटर. यामुळे बदल डिस्कवर पक्के होतात. मग आर-ई-बी-ओ-ओ-टी आणि एंटर. कॉम्प्युटर नेहमीसारखा सुरू होईल. नव्या पासवर्डाने आत जा.

दुसरी वाट: ग्रबची ओळ बदलणं

डेबियन बसवताना रूटला वेगळा पासवर्ड दिलेला असेल, तर चौथ्या पायरीवर तोच मागितला जातो. रूटचं खातं बंद ठेवलेलं असेल तर "खातं बंद आहे" असं सांगून दार लावून घेतलं जातं. अशा वेळी ही वाट.

१. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर असताना ई हे अक्षर दाबा. सुरुवातीच्या सूचनांचा मजकूर उघडेल.

२. ज्या ओळीची सुरुवात "लिनक्स" या शब्दाने होते ती शोधा. ती लांब असते, पडद्यावर दोन ओळींत मोडलेली दिसते. तिच्या शेवटाकडे आर-ओ अशी दोन सुटी अक्षरं असतात, "फक्त वाचा" या अर्थाची. त्यांच्या जागी आर-डब्ल्यू करा.

३. त्यापुढे "क्वाएट" आणि "स्प्लॅश" हे शब्द असतील तर खोडा, नाहीतर पडद्यावर चित्रच राहील. मग ओळीच्या अगदी शेवटी एक स्पेस देऊन लिहा:

आय-एन-आय-टी बरोबरचं चिन्ह तिरकी रेघ बी-आय-एन तिरकी रेघ बी-ए-एस-एच

४. कंट्रोल आणि एक्स एकत्र दाबा. हा बदल या एका खेपेपुरताच असतो, पुढच्या वेळी ओळ आपोआप पूर्ववत होते. त्यामुळे चुकलं तरी कायमचं काही बिघडत नाही.

५. # ची खूण आली की वरची सातवी पायरी करा, मग एस-वाय-एन-सी. शेवटची कमांड मात्र इथे वेगळी: आर-ई-बी-ओ-ओ-टी स्पेस वजा-एफ. इथे "एक्झिट" टाइप करू नका, कर्नेल पॅनिक होऊन मशीन अडकतं.

फेडोरावर ही कृती जशीच्या तशी करू नका. तिथे एसई-लिनक्स नावाची आणखी एक सुरक्षाव्यवस्था फाइलींवर खुणा लावून ठेवते. अशा वाटेने पासवर्ड बदलला की ती खूण हरवते आणि खुणा पुन्हा लावून घेईपर्यंत नव्या पासवर्डानेही लॉगिन होत नाही.

तिसरी वाट: पेन ड्राइव्ह

ग्रबचा मेनू येतच नसेल किंवा त्यालाही पासवर्ड असेल, तर कॉम्प्युटर उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि "ट्राय उबुंटू" निवडा. टर्मिनल उघडून आधी डिस्कचे भाग पाहा:

एल-एस-बी-एल-के स्पेस वजा-एफ

"ई-एक्स-टी-४" असं लिहिलेला मोठा भाग हा बहुधा आपल्या लिनक्सचा. त्याचं नाव एस-डी-ए-२ असं काहीतरी असेल. नव्या एनव्हीएमई डिस्कवर नाव लांब असतं, ते कागदावर नीट उतरवा. मग तो भाग जोडा:

एस-यू-डी-ओ स्पेस एम-ओ-यू-एन-टी स्पेस तिरकी रेघ डी-ई-व्ही तिरकी रेघ एस-डी-ए-२ स्पेस तिरकी रेघ एम-एन-टी

आणि त्या भागाच्या आत शिरून पासवर्ड बदला:

एस-यू-डी-ओ स्पेस सी-एच-आर-ओ-ओ-टी स्पेस तिरकी रेघ एम-एन-टी स्पेस पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी स्पेस आणि वापरकर्त्याचं नाव

मग नेहमीप्रमाणे शटडाउन करा, पेन ड्राइव्ह काढा आणि मशीन सुरू करा. यादीत मोठ्या भागापुढे "क्रिप्टो लक्स" असं दिसलं तर डिस्क कूटबद्ध आहे. त्याबद्दल पुढे येईल. तिथे या तिन्ही वाटा दाराशीच थांबतात.

आत गेल्यावर: किल्ल्यांचा जुडगा

लॉगिन झालं तरी थोडं काम उरतं. पहिल्यांदाच ब्राउझर उघडला की "लॉगिन कीरिंग उघडली नाही, जुना पासवर्ड द्या" अशा अर्थाची चौकट येते. कीरिंग म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. क्रोमसारखे प्रोग्राम साठवलेल्या पासवर्डांची किल्ली त्यात ठेवतात, आणि जुडगा जुन्या लॉगिन पासवर्डानेच कूटबद्ध केलेला असतो. लॉगिनचा पासवर्ड आपण बाहेरून बदलला, जुडग्याचा बदललेला नाही.

इथे घाईने काही पुसू नका. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा. टिंबाने सुरू होणाऱ्या "लोकल" फोल्डरमध्ये "शेअर", त्यात "कीरिंग्ज" आणि त्यात "लॉगिन" नावाची फाइल असते. तिचं नाव बदलून ठेवा आणि पुन्हा लॉगिन करा. नवा, रिकामा जुडगा तयार होईल. पुढे कधी जुना पासवर्ड आठवला, किंवा एखाद्या डायरीत सापडला, तर ती फाइल परत जागेवर ठेवून उघडता येते. फायरफॉक्स आपले पासवर्ड स्वतःच्या फोल्डरात ठेवतो, त्याला याचा धक्का लागत नाही.

जुन्या मशीनवर आणखी एक अडचण येऊ शकते. उबुंटूच्या १७.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत फक्त होम फोल्डर कूटबद्ध करण्याचा पर्याय होता. मिंटमध्ये तो नंतरही राहिला. तो निवडलेला असेल तर होम फोल्डरात फोटोंऐवजी दोनच फाइली दिसतात, त्यातली एक "रीडमी". तिथे जुना पासवर्ड लागतो, किंवा सुरुवातीला लिहून ठेवायला सांगितलेली ३२ अक्षरांची ओळ. काकांच्या कॉम्प्युटरवर हा पर्याय निवडलेला नव्हता.

हे इतकं सोपं का?

पासवर्ड विचारणारं लिनक्स हे सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखं आहे. वॉचमन जागा असेल तोवर तो प्रत्येकाला अडवतो. आपण वर जे केलं त्यात वॉचमन जागा होण्याआधीच मागच्या दाराने आत गेलो, आणि त्याच्या वहीत नवं नाव लिहिलं.

ती वही म्हणजे "शॅडो" नावाची फाइल. तिच्यात पासवर्ड लिहिलेला नसतो, पासवर्डावरून काढलेला हॅश असतो. पीठ पाहून गहू परत करता येत नाही, तसा हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. म्हणूनच काकांचा जुना पासवर्ड काय होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही फक्त नवा लिहिला. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पासून हे दळण येसक्रिप्ट नावाच्या पद्धतीने होतं. ती मुद्दाम संथ आणि मेमरी खाणारी ठेवलेली आहे, म्हणजे लाखो अंदाज झटपट करून पाहता येऊ नयेत.

अंदाज मात्र करता येतातच. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांच्या जुन्या पासवर्डाचा हॅश बीएसडी या युनिक्सच्याच एका रूपाच्या सुरुवातीच्या आवृत्तीबरोबर सगळीकडे पोहोचला होता. २०१९ साली तो फुटला, आणि आत निघाली बुद्धिबळातली एक चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. आठ अक्षरं, त्यात चिन्हंही होती. एवढ्या जाणत्या माणसाचा आठ अक्षरांचा पासवर्ड आजच्या यंत्रांपुढे टिकला नाही, तर मुलांच्या नावाचा आणि जन्मसालाचा काय टिकणार?

कडी किती, कुलूप किती

आता दुसरा भाग. बाहेरच्याला अडवण्याच्या सोयी अनेक आहेत, पण त्यांची ताकद सारखी नाही.

*बायोसचा पासवर्ड.* बायोसमध्ये जाऊन सेटिंग्जना पासवर्ड द्या आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होणं बंद करा. यामुळे तिसरी वाट अडते. पण अनेक डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा बटणसेल काही वेळ काढून ठेवला की ही सेटिंग्ज पुसली जातात. घरातल्या मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी एवढी कडी पुरते.

*ग्रबचा पासवर्ड.* यामुळे पहिली आणि दुसरी वाट अडते. पण २०१५ च्या डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया तंत्रविद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ग्रबने नाव विचारल्यावर बॅकस्पेस २८ वेळा दाबलं की पासवर्ड न देताच आत जाता येतं. ही चूक २००९ पासूनच्या आवृत्त्यांत होती. ती लगेच दुरुस्त झाली, पण कुलूप लावलं म्हणजे काळजी मिटली असं समजू नये, अपडेट घेत राहावेत, एवढं यातून शिकायला मिळतं. शिवाय ग्रबची मांडणी चुकली तर आपणच बाहेर राहतो. घरच्या मशीनवर याच्या वाटेला जाऊ नका, असाच माझा सल्ला राहील.

*पडद्याचं कुलूप.* उबुंटूवर उठताना सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि एल दाबा, पडदा लगेच बंद होतो. ही सवय फुकटची आहे आणि रोज उपयोगी पडते.

या सगळ्यांची एक समान मर्यादा आहे. स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली आणि साध्या यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की बायोस, ग्रब आणि लॉगिन तिघंही मागेच राहतात. डिस्कवरचा प्रत्येक फोटो, प्रत्येक पीडीएफ उघडता येतो. त्याला एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे डिस्क कूटबद्ध करणं.

तिजोरी: लक्स

लिनक्सवर यासाठी लक्स ही पद्धत वापरतात. उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा चारही बसवताना डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय देतात. तो बसवतानाच घ्यावा. आधीच भरलेल्या डिस्कवर नंतर करायचा तर सगळ्याचा बॅकअप घेऊन नव्याने बसवणंच शहाणपणाचं.

लक्सची रचना समजली की निर्णय सोपा होतो. डिस्कवरचा मजकूर एका लांबलचक मुख्य किल्लीने कूटबद्ध होतो. ती किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडर नावाच्या भागात, तुमच्या सांकेतिक वाक्याने बंद करून ठेवलेली असते. एकाच किल्लीसाठी अनेक सांकेतिक वाक्यं ठेवता येतात: जुन्या लक्स-१ मध्ये ८, लक्स-२ मध्ये ३२ पर्यंत. यातून तीन गोष्टी निघतात.

एक: सांकेतिक वाक्य विसरलं तर मजकूर गेला. इथे रिकव्हरी मोड नाही, मागचं दार नाही, तंत्रज्ञाकडे नेऊन उपयोग नाही.

दोन: हेडर खराब झालं तर बरोबर वाक्य असूनही मजकूर गेला.

तीन: दोन माणसांना दोन वेगळी वाक्यं देता येतात.

म्हणून लक्स लावल्याच्या दिवशीच ही चार कामं करायची. त्यांतल्या तिन्ही कमांडमध्ये एस-डी-ए-३ च्या जागी तुमच्या भागाचं नाव घाला. एल-एस-बी-एल-के स्पेस वजा-एफ दिल्यावर ज्याच्यापुढे "क्रिप्टो लक्स" दिसतं तो भाग.

१. *वाक्य निवडा.* शब्दकोश पाच-सहा वेळा कुठेही उघडा, डोळे मिटून बोट ठेवा आणि येतील ते शब्द घ्या. म्हणी, अभंगाच्या ओळी, देवांची नावं टाळा. अंदाज करणाऱ्यांच्या याद्यांत ती आधी असतात. शब्द रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहा. आपल्याकडे "व" साठी कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. "ई" साठी कुणी एक आय, कुणी दोन ई. म्हणून जे टाइप केलं अगदी तेच कागदावर उतरवा. खास चिन्हं टाळा, कारण सुरुवातीच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी वेगळी असू शकते.

२. *दुसरं वाक्य जोडा.* जोडीदारासाठी किंवा मुलीसाठी:

एस-यू-डी-ओ स्पेस सी-आर-वाय-पी-टी-एस-ई-टी-यू-पी स्पेस एल-यू-के-एस-मोठा ए-डी-डी-मोठा के-ई-वाय स्पेस तिरकी रेघ डी-ई-व्ही तिरकी रेघ एस-डी-ए-३

आधी चालू वाक्य विचारलं जातं, मग नवं दोनदा.

३. *हेडरची प्रत घ्या.* वरच्याच कमांडमध्ये "ॲड की" च्या जागी "हेडर बॅकअप" येतं, म्हणजे एल-यू-के-एस-मोठा एच-ई-ए-डी-ई-आर-मोठा बी-ए-सी-के-यू-पी. मग एस-डी-ए-३ च्या नावानंतर:

स्पेस वजा-वजा-एच-ई-ए-डी-ई-आर-वजा-बी-ए-सी-के-यू-पी-वजा-एफ-आय-एल-ई स्पेस आणि प्रतीच्या फाइलचं नाव

लक्स-२ मध्ये ही फाइल साधारण १६ एमबीची होते. ती पेन ड्राइव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. पुढे कधी वाक्य बदललं तर जुनी प्रत नष्ट करून नवी घ्या, कारण जुन्या प्रतीवर जुनं वाक्य चालतच राहतं.

४. *तालीम करा.* डिस्क न उघडता वाक्य बरोबर आहे का ते तपासता येतं:

एस-यू-डी-ओ स्पेस सी-आर-वाय-पी-टी-एस-ई-टी-यू-पी स्पेस ओ-पी-ई-एन स्पेस वजा-वजा-टी-ई-एस-टी-वजा-पी-ए-एस-एस-पी-एच-आर-ए-एस-ई स्पेस तिरकी रेघ डी-ई-व्ही तिरकी रेघ एस-डी-ए-३

वाक्य बरोबर असेल तर काहीच न बोलता कमांड संपते. ज्याला दुसरं वाक्य दिलं आहे त्याच्या हाताने, कागदावर पाहून, हे करवून घ्या.

एक सावधगिरी. कॉम्प्युटर सुरू असेपर्यंत, आणि नुसता झोपवून ठेवलेला असतानाही, मुख्य किल्ली रॅममध्ये असते. वीज तोडल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद टिकते आणि रॅम थंड केली तर आणखी जास्त वेळ, हे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. लॅपटॉप घेऊन गाडीत बसण्याआधी तो पूर्ण शटडाउन करा.

कुणी काय लावावं?

लॅपटॉप घराबाहेर जात असेल तर लक्स लावाच. लोकलमध्ये, एसटीत, हॉटेलात विसरलेल्या बॅगेतला लॅपटॉप गेला तर पैसे जातात, पण लक्स असेल तर आधार कार्ड, बँकेचे कागद आणि घरचे फोटो परक्याच्या हाती लागत नाहीत. दुरुस्तीला टाकताना, जुनं मशीन विकतानाही तीच निर्धास्ती.

घरातच राहणारा, कुटुंबाच्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा डेस्कटॉप असेल, आणि किल्ली लिहून ठेवण्याची शिस्त घरात नसेल, तर लक्स लावण्याआधी थांबा. घरात चोर येण्यापेक्षा घरातलं माणूस विसरण्याची, आजारी पडण्याची, निघून जाण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तिथे आधी बॅकअप आणि पुढे सांगितलेलं पाकीट, मग तिजोरी. मी उबुंटू बसवताना लक्सच्या चौकटीत खूण केली असती, तर त्या रात्री मला काकूंना "नाही, काही करता येणार नाही" एवढंच सांगावं लागलं असतं. तसं झालं नाही हा योग होता; त्यात माझी दूरदृष्टी काहीही नव्हती.

पाकीट

सगळ्या कृतीतलं सर्वात साधं काम हे, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. एक जाड पाकीट घ्या. त्यात एका कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहा: कॉम्प्युटर कुठला, लॉगिनचं नाव, लॉगिनचा पासवर्ड, लक्सचं वाक्य, डिस्कच्या भागाचं नाव, बॅकअप कुठे आहे, आणि आजची तारीख. हेडरची प्रत असलेला पेन ड्राइव्ह त्यातच ठेवा. पाकीट दागिन्यांच्या आणि घराच्या कागदांच्या शेजारी, कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत कधीही नाही. आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाकीट कुठे आहे ते सांगा, तोंडाने सांगा, गृहीत धरू नका. कागदावर पासवर्ड लिहू नये हा नियम ऑफिसच्या टेबलासाठी आहे. घरच्या कुलूपबंद कपाटाला तो लागू नाही.

खंडेनवमीला आपण घरातली हत्यारं, यंत्रं पुसून त्यांना झेंडू वाहतो. आता त्यात कॉम्प्युटरही आला. त्या दिवशी पाकीट उघडायचं, कागदावरच्या अक्षरांनी आत जाता येतंय ना ते पाहायचं, बदललं असेल ते नव्याने लिहायचं आणि पाकीट बंद करायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

काकूंनी यंदा ते केलं. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः निवडला, कागदावर लिहिला आणि सुनेला लॉकरपाशी नेऊन पाकीट दाखवलं. मग मला फोन करून म्हणाल्या, "आता माझ्यामागे कुणाला तुला रात्री फोन करायला लागायचा नाही."